भीमा आणि बोरघाट : दख्खनमधील दोन आरंभीच्या दगडी रेल्वे-पुलांचा इतिहास

१. विषयप्रवेश

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगररांगेत कपिलधार हे तीर्थस्थान आहे. वीरशैव परंपरेतील संतकवी मन्मथस्वामी यांच्या समाधीमुळे ते महाराष्ट्रात सर्वत्र ज्ञात आहे. पावसाळ्यात तेथील धबधबा ज्या काळ्या कड्यावरून कोसळतो तो कडा दख्खनच्या लाव्हाजन्य काळ्या पाषाणाचा, म्हणजेच बेसाल्टचा आहे. ज्या दगडांनी सह्याद्रीच्या घाटांत व भीमेच्या पात्रात एकोणिसाव्या शतकातील रेल्वेचे पूल उभे राहिले ते याच पाषाणाचे. दगड एक असला तरी रेल्वेचे भाग्य मात्र एक नव्हते. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. बीड शहरास आगगाडीचे दर्शन घडले ते १७ सप्टेंबर २०२५ रोजी. या दोन तारखांमध्ये एकशे बहात्तर वर्षांचे अंतर आहे.

असे असले तरी बालाघाटाच्या आर्थिक जीवनावर रेल्वेचा परिणाम एकोणिसाव्या शतकातच घडू लागला होता, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. बीडचा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात मोडत होता. तेथील कापूस व धान्य बैलगाड्यांनी घाट उतरून बार्शीच्या पेठेत येई आणि तेथून ज्या लोहमार्गाने मुंबईस जाई त्या मार्गावर डिकसळजवळ भीमा नदी ओलांडावी लागे. भीमेवरील तो दगडी पूल म्हणजे बालाघाटास मुंबई बंदराशी जोडणाऱ्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा होता.

प्रस्तुत लेखात या पुलाचा विचार त्याच कंपनीने, जवळजवळ त्याच वर्षांत बोरघाटात बांधलेल्या दुसऱ्या एका दगडी पुलाशी तुलना करून करावयाचा आहे. त्यांपैकी एक पूल शंभराहून अधिक वर्षे गाड्यांचा भार वाहत राहिला. दुसरा घाटमार्ग खुला झाल्यावर अवघ्या चार वर्षांत कोसळला. दगड तोच, कंपनी तीच, मुख्य अभियंताही तोच. मग हा भेद कशामुळे पडला, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

२. कंपनी, हमी आणि कंत्राट

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने अधिकृत रूप मिळाले आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. या करारान्वये भागधारकांच्या भांडवलावर सालीना शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने घेतली. मार्गाचे निव्वळ उत्पन्न या प्रमाणास पोहोचले नाही तर उरलेली भरपाई हिंदुस्थानच्या सरकारी महसुलातून होत असे. तंत्राच्या इतिहासात अशा करारांची चर्चा सहसा होत नाही. परंतु पूल कोणत्या दर्जाचा बांधला जातो आणि तो पडल्यास भुर्दंड कोणावर बसतो, या दोन्ही प्रश्नांचा संबंध या हमीशी आहे, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली हा १८५० मध्ये मुंबईत आला. मुंबई ते ठाणे, ठाण्याच्या खाडीवरील कमानींचे पूल, बोरघाट व थळघाट या सर्व कामांची आखणी त्याच्या देखरेखीखाली झाली. १८६० मध्ये त्याने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपल्या रेल्वेचे सविस्तर वर्णन सादर केले. प्रकृती ढासळल्यामुळे तो इंग्लंडला परतला व १८६२ मध्ये मरण पावला. बोरघाटाचे उद्घाटन व तेथील पुलाचा नाश या दोन्ही घटना त्याच्या मृत्यूनंतरच्या आहेत.

बांधकाम मात्र कंपनी स्वतः करीत नसे. मार्गाचे भाग पाडून ते कंत्राटदारांकडे सोपविले जात. पहिल्या भागाचे काम फॅव्हिएल व फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी केले. पुढे जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने अनेक कामे यशस्वीपणे पार पाडली. कंत्राटदाराच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्याच्या हाताखाली मुकादम आणि मुकादमाच्या हाताखाली गवंडी, पाथरवट, वडार व बिगारी मजूर, अशी ही उतरंड असे. प्रत्येक पायरीवर नफ्याचा वाटा निघे. सर्वांत खालच्या पायरीवर पोहोचणारी रक्कम किती, यावर चुना किती घोटला जाईल व दगड किती घडविला जाईल, हे अवलंबून असे.

३. भीमेवरील पूल

पुण्यापासून डिकसळपर्यंतचा मार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी, तर डिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा मार्ग २३ ऑक्टोबर १८५९ रोजी खुला झाला. बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी. तेथून मोहोळमार्गे १८६० मध्ये गाडी सोलापुरास पोहोचली. डिकसळ हे स्थानक पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडील तीरावर असून पलीकडील तीर सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात आहे. मार्ग डिकसळ येथे दहा महिने थांबून मगच पुढे सरकला, याचा अर्थ उघड आहे. पुढील टप्प्यातील सर्वांत मोठे काम भीमा ओलांडण्याचे होते. या पुलाचे वय सांगताना कधी कधी १८५५ हे साल दिले जाते. परंतु मार्ग खुला होण्याचा वरील क्रम पाहता पूल वाहतुकीस सज्ज झाल्याचे वर्ष म्हणून १८५९ हेच मानणे सयुक्तिक ठरते.

या पुलास प्रत्येकी ४० फूट गाळ्याच्या २८ कमानी होत्या. त्याची लांबी ४४१ यार्ड व उंची सुमारे ६० फूट होती. या आकड्यांचे थोडे गणित केल्यास पुलाची रचना स्पष्ट होते. अठ्ठावीस गाळ्यांची एकूण रुंदी ११२० फूट भरते. संपूर्ण लांबी १३२३ फूट आहे. म्हणजे २७ मधले खांब व दोन्ही तीरांवरील शेवटचे बांधकाम मिळून केवळ २०३ फूट जागा उरते. शेवटच्या बांधकामास काहीही जागा लागली नाही असे धरले तरी एकेका खांबाच्या वाट्यास सरासरी साडेसात फुटांहून अधिक जाडी येत नाही. साठ फूट उंचीच्या कामात इतक्या सडपातळ खांबांवर अभियंत्यांनी विश्वास ठेवला, तो कमानीच्या मूलभूत गुणधर्माच्या बळावर.

कमान आपल्यावरील भार केवळ खाली ढकलीत नाही, तर बाजूंसही रेटते. एकटी कमान असेल तर हा रेटा सोसण्यास दोन्ही बाजूंस भक्कम बांधकाम हवे. मात्र सारख्या गाळ्याच्या कमानी ओळीने उभ्या केल्या, की प्रत्येक खांबावर डावीकडून येणारा रेटा उजवीकडून येणाऱ्या रेट्याने तोलला जातो आणि मधल्या खांबांस मुख्यतः सरळ खाली येणारे वजनच पेलावे लागते. या तोलातच एक धोकाही दडलेला असतो. ओळीतील एक खांब ढळला की शेजारच्या कमानींचा तोल जातो आणि पडझड एका गाळ्यापुरती मर्यादित राहण्याची शाश्वती उरत नाही. म्हणून अशा पुलात प्रत्येक खांबाचे अंतरंग सारखेच निर्दोष असावे लागते.

भीमेच्या पात्रात अभियंत्यास निसर्गाचे साह्य होते. दख्खनच्या नद्यांचे पाणी उन्हाळ्यात अगदी कमी होते, त्यामुळे कोरड्या पात्रात पाया घालण्यास काही महिन्यांचा अवधी मिळतो. सपाट मुलखात काम करणाऱ्या गवंड्यावर देखरेख ठेवणेही सोपे असते. चुन्याची घाणी, दगडाची खाण, पाणी व मजुरांची वस्ती ही सर्व कामाच्या आसपास ठेवता येतात. घाटातील कड्यावर यांपैकी काहीही सुलभ नव्हते.

४. बोरघाटातील पूल

बोरघाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. चढणीची लांबी १५ मैल ६८ साखळ्या आणि चढ १८३१ फूट होता. तीत २५ बोगदे व ८ मोठे दगडी दरीपूल होते. प्रथम हे कंत्राट फॅव्हिएलकडे होते. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यावरून कामगारांचा उठाव झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये फॅव्हिएलने काम सोडले. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनी ते चालविले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने ते स्वीकारले. परंतु मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवून पूर्णत्वास नेले. कामाच्या ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, घाटात बेचाळीस हजारांपर्यंत माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले.

मजुरीचे तंटे मिटविण्याचे अधिकार दंडाधिकाऱ्यांस देणारा कायदा १८६० मध्ये झाला. रेल्वे, कालवे व अन्य सार्वजनिक कामांवरील मजुरांस तो लागू होता. बोरघाटातील उठावानंतर वर्षभराच्या आसपास असा कायदा व्हावा, यावरून मजुरी थकण्याचा प्रकार अपवादात्मक नव्हता, हे अनुमान सहज निघते. ज्या गवंड्यास वेळेवर मजुरी मिळत नाही त्याच्याकडून काळजीपूर्वक कामाची अपेक्षा किती ठेवावी, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तसाच पुलाच्या आयुष्याचाही आहे.

आठ दरीपुलांपैकी एकाचा उल्लेख जुन्या कागदपत्रांत ‘म्हौ-की-मल्ली’ या नावाने येतो. त्यास प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या आठ अर्धवर्तुळाकार कमानी होत्या आणि त्याची उंची शंभर फुटांहून अधिक होती. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, हा पूल कोसळला. उद्घाटनास तेव्हा चार वर्षे व तीन महिने झाले होते. या घटनेने केवळ घाटातील वाहतूकच खंडित झाली नाही, तर कंपनीच्या सर्वच दगडी कामांविषयी सरकारच्या व लोकांच्या मनात शंका उत्पन्न झाली. पुढील तपासणीत मार्गावरील इतरही अनेक पूल व मोऱ्या सदोष आढळल्या आणि त्यांची डागडुजी किंवा पुनर्बांधणी करावी लागली.

५. दोष कोठे होता

या अपघाताचे खापर दगडावर किंवा कमानीच्या आकारावर फोडता येत नाही. लिव्हरपूल ते मँचेस्टर मार्गावर जॉर्ज स्टीफन्सनने सँकी खोऱ्यावर बांधलेल्या पुलास ५० फूट गाळ्याच्याच नऊ कमानी आहेत. तो १८३० पासून उभा आहे. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ १८२९ मध्ये पूर्ण झालेल्या कॅरोल्टन पुलाची ८० फुटांची एकच दगडी कमान आजही गाड्यांचा भार वाहते. म्हणजे पन्नास फुटांची कमान ही त्या काळी अनुभवाने सिद्ध झालेली रचना होती.

खरा प्रश्न खांबांच्या अंतरंगाचा होता. मोठ्या दगडी खांबाचे दोन भाग असतात : बाहेरचा घडीव दगडाचा थर आणि आतील भरण. बाहेरचा थर सर्वांस दिसतो आणि त्याचे मोजमाप घेता येते. आतील भरण एकदा झाकले गेले की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. चांगल्या कामात बाहेरील थरातील काही लांब दगड आतपर्यंत शिरवून दोन्ही भाग एकजीव केले जातात आणि भरणातील प्रत्येक दगड चुन्यात नीट बसविला जातो. हलक्या कामात अनघड दगड व छिलके आत टाकून वरून चुना ओतला जातो. असा खांब बाहेरून भक्कम दिसतो, पण वस्तुतः तो एक दगडी पेटीच असते. भार वाढला की आतील भरण दबते, बाहेरच्या थरावर अधिक ताण येतो आणि अखेर तो थर फुगून फुटतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणाने ही अडचण वाढविली. हा दगड अतिशय कठीण असल्यामुळे तो घडविण्यास वेळ व मजुरी दोन्ही अधिक लागतात. साहजिकच कमी घडविलेला दगड वापरण्याचा मोह होतो. शिवाय तो घट्ट व कमी सच्छिद्र असल्यामुळे चुना त्यास वालुकापाषाणाप्रमाणे चिकटत नाही. अशा कामात चुन्याची प्रत हाच निर्णायक घटक ठरतो. दख्खनमध्ये चुनखडीचे खडे भाजून चुना करीत आणि वाळूसह तो बैलांच्या घाणीत मळीत. खडे निवडून घेतले, नीट भाजले व पुरेसे मळले तर हा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. यांपैकी कोणत्याही पायरीवर हयगय झाली तर तो वर्षानुवर्षे कच्चाच राहतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे मान लक्षात घेता बोरघाटातील कच्च्या चुन्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येते. भीमाकाठी पाऊस अल्प. तेथे चुन्यास सुकण्यास व मुरण्यास अवधी मिळे.

येथे बीड शहरातील कंकालेश्वर मंदिराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. काळ्या पाषाणात बांधलेले हे प्राचीन मंदिर जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे आणि शतकानुशतके पाण्याच्या सान्निध्यात टिकून आहे. मंदिरावर आगगाडीचे हादरे बसत नाहीत, हे खरे. परंतु येथील पाषाण, ओलावा आणि काल यांचा मेळ घालणे येथील पाथरवटास अशक्य नव्हते, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते. बोरघाटात उणीव होती ती कौशल्याची नव्हे, तर त्या कौशल्यास वाव देणाऱ्या व्यवस्थेची.

६. भुर्दंड कोणाचा

या प्रकरणाशी तुलना करण्याजोगी एक घटना फ्रान्समध्ये घडली होती. रूआँ ते ल हाव्र या मार्गावरील बारांतें येथील सुमारे शंभर फूट उंचीचा विटांचा पूल जानेवारी १८४६ मध्ये, मार्ग खुला होण्यापूर्वीच, कोसळला. तेथेही पावसाळी हवामान व निकृष्ट चुना यांच्याकडे बोट दाखविले गेले. चुना स्थानिक असावा अशी अट कंत्राटातच होती, त्यामुळे जबाबदारी नाकारण्यास कंत्राटदार थॉमस ब्रॅसी यास जागा होती. परंतु त्याने वाद न घालता स्वतःच्या खर्चाने, आपल्या पसंतीचा चुना वापरून, काही महिन्यांतच पूल पुन्हा उभा केला.

बोरघाटात असे काही घडण्याची शक्यताच नव्हती. काम तीन हातांतून गेलेले, मूळ अभियंता दिवंगत, कंत्राटदाराचे हिशेब केव्हाच पुरे झालेले. पुनर्बांधणीचा खर्च भांडवलात धरला तर त्या भांडवलावर पाच टक्क्यांची हमी लागू होई. चालू उत्पन्नातून भागविला तर निव्वळ उत्पन्न घटून तुटीच्या वर्षी सरकारी भरपाई वाढे. खर्च कोणत्याही खाती पडला तरी भागधारकाच्या पाच टक्क्यांस धक्का लागत नसे. अंतिम भार हिंदुस्थानच्या करदात्यावर येई. हमीच्या पद्धतीवर पुढे जी टीका झाली, तिचा आशय या एका पुलाच्या इतिहासात मूर्त स्वरूपात दिसतो. दोष करणारा व दोषाचे मोल देणारा हे येथे एक नव्हते.

याच्या उलट बाजूही नोंदविली पाहिजे. हीच हमी, हेच भांडवल व हीच कंत्राटपद्धती भीमेवरील पुलासही लागू होती. तरीही तो टिकला. म्हणून केवळ हमीच्या पद्धतीस दोष देऊन इतिहासकाराचे काम संपत नाही. व्यवस्था सदोष असताना काम चांगले होणे हे त्या ठिकाणचे भूस्वरूप, हवामान, कामाचा अवधी व देखरेख यांवर सोडलेले होते. भीमाकाठी ही सर्व अनुकूल ठरली, बोरघाटात प्रतिकूल. चांगला पूल होणे न होणे अशा योगायोगावर अवलंबून राहावे, हाच त्या व्यवस्थेवरील खरा आक्षेप होय.

७. पुलाचे उत्तरायुष्य

भीमेवरील पूल पुरा झाल्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसास अभूतपूर्व भाव आला. बालाघाटाचा व बार्शी भागाचा माल या पुलावरून पश्चिमेकडे जाऊ लागला. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने बार्शी रोड ते बार्शी हा अरुंद मार्ग सुरू केल्यावर ही वाहतूक अधिकच सुलभ झाली.

पुढे भीमेवर उजनी धरणाची योजना झाली. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयामुळे लोहमार्गाचा हा भाग हलवावा लागला. गाड्या नव्या मार्गाने गेल्या आणि जुना रेल्वे-पूल इंदापूर व करमाळा या तालुक्यांतील रस्त्याच्या वाहतुकीस उपयोगी पडू लागला. मुळात कोरड्या पात्रात उभे असलेले खांब आता वर्षातील मोठा काळ साचलेल्या पाण्यात राहू लागले आणि जलाशयाच्या चढउतारासरशी त्यांचा चुना आळीपाळीने भिजू व वाळू लागला. २०२३ च्या प्रारंभी या पुलाचा काही भाग ढासळला.

दोन पडझडींत एकशे पंचावन्न वर्षांचे अंतर असले तरी त्यांतील एक साम्य विचारार्ह आहे. बोरघाटात पूल बांधणारे हात बदलत गेले. भीमेवर पुलाचा उपयोग व परिस्थिती बदलत गेली. ज्या कामासाठी व ज्या पाण्यासाठी पूल बांधला ते दोन्ही पालटल्यावर त्याच्या अंतरंगाची नव्याने तपासणी होणे अगत्याचे असते. दीडशे वर्षे उभ्या असलेल्या दगडाकडे पाहून निश्चिंत राहणे म्हणजे बाहेरील घडीव थर पाहून आतील भरणाविषयी खात्री बाळगण्यासारखेच आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, आरंभीच्या दगडी रेल्वे-पुलांचे यशापयश दगडाच्या जातीपेक्षा चुना, भरण व देखरेख यांवर अवलंबून होते. दुसरा असा की, या तिन्ही गोष्टींची प्रत मजुरीच्या व कंत्राटाच्या रचनेशी निगडित असल्यामुळे पुलाचा इतिहास हा श्रमाचा व भांडवलाचाही इतिहास आहे. तिसरा असा की, ज्या प्रदेशातून लोहमार्ग गेला नाही त्याचा इतिहासही लोहमार्गाच्या इतिहासापासून अलग करता येत नाही. बालाघाटातील शेतकऱ्याच्या कापसाचा भाव भीमेवरील कमानींशी जोडला गेला होता.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस दोन दिशा सुचवाव्याशा वाटतात. मुंबईच्या पुराभिलेखागारातील सार्वजनिक बांधकाम खात्याची रेल्वेविषयक दप्तरे कंत्राटांच्या अटी, दर व तपासणीचे शेरे या दृष्टीने वाचली जावीत. तसेच डिकसळ येथील पुलाचे अवशेष पाण्याबाहेर दिसतात तेव्हा त्यांचे रेखाटन, मोजमाप व चुन्याच्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण भूशास्त्र व रसायनशास्त्र विभागांच्या साह्याने करून घ्यावे. ढासळलेल्या भागात खांबाचे अंतरंग उघडे पडते. एकोणिसाव्या शतकातील अनामिक गवंड्याने आत काय भरले होते, हे प्रत्यक्ष पाहण्याची अशी संधी कागदपत्रे कधीच देऊ शकत नाहीत. नव्या बांधकामाच्या निमित्ताने हे अवशेष हलविले जाण्यापूर्वी ती घेतली गेली पाहिजे.